दातांनी तोडलेला दोरा

अग्लायानं दोरा दातांनी तोडला, एवढंच काय ते घडलं. बाकीचं सगळं नंतर घडलं, तेही तिच्या डोक्यात. पण डोक्यात घडलं म्हणजे खोटंच होतं, असं म्हणणाऱ्यानं आठ दिवस तिच्या घरात राहून दाखवावं आणि मग तोंड उघडावं.

आमच्याकडे वर्षाच्या शेवटच्या दिवशी सोंगं निघतात. ढोल, शिंगं, कमरेला गाईच्या घंटा. अस्वल असतं, बोकड असतो, म्हातारा-म्हातारी असतात, आणि सैतान तर हवाच. सैतान नसेल तर जुनं वर्ष घराबाहेर काढणार कोण? या सगळ्यांचे मुखवटे शिवायचं काम अग्लायाचं. तिची आई शिवायची, तिच्याआधी आजी शिवायची. मेंढीची लोकर, बोकडाची शिंगं, पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांचे दात. एकदा का तिनं मुखवटा शिवला की कुत्रीसुद्धा शेपूट घालून पळायची.

नाताळ उलटून दोन दिवस झाले होते. तिचा धाकटा दीर गाव्रिल, सोंगांचा म्होरक्या, दारातूनच ओरडत आला.

"वहिनी, देवानं खुद्द सैतानासाठी कातडं पाठवलंय! बघ तरी!"

कोल्ह्याचं कातडं होतं. कानांसकट. मीठ चोळून चार दिवस चुलीपाशी वाळवलेलं, तरी कानांच्या मुळाशी अजून ओलसर होतं. अग्लाया हरखली. असला लाल रंग बाजारात कुठे मिळतो? ती लगेच सुई-दोरा घेऊन बसली. नात इलिंका मांडीला मांडी लावून शेजारी बसली आणि घेवड्याचे दाणे मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीत लावू लागली. कातडं जाड, सुई जाता जाईना. बोटात अंगुस्तान, ती धातूची टोपी, असूनही दोनदा टोचलं. दोन्ही हात अडकले तेव्हा अग्लायानं कातड्याची कड दातात धरली. दोरा ओवताना तोंडात ओला केला, टाका संपला की दातांनी तोडला. चाळीस वर्षांची सवय, त्यात विचार कसला करायचा? मधेच उठून चुलीवरची मामालिगा, मक्याच्या पिठाचा घट्ट लापशीसारखा पदार्थ, ढवळली, मीठ बघितलं आणि त्याच चमच्यानं इलिंकाला एक घास भरवला.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी सगळी सोंगं पहिल्यांदा तिच्याच अंगणात आली. असा मान असतो शिवणारणीचा. गाव्रिलनं सैतानाचा मुखवटा कपाळावर सारला, आलुबुखाराच्या दारूचा पेला एका घोटात रिकामा केला आणि गोष्ट रंगवायला लागला.

"भरदुपारी आला बेटा! डुलत डुलत, अगदी माझ्यासारखा! पळायचं नावच नाही. मी फावडं पुढं केलं, तर फावड्यालाच चावला! तोंडातून ही लाळ! म्हटलं, बाबा, तू कुठल्या लग्नाहून आलास?"

अंगण हसून हसून लोळलं. अग्लाया हातात गोड पावाचं ताट घेऊन उभी होती. तिला हसू आलं नाही.

"भावोजी, बाकीचा कोल्हा कुठाय?"

"बाकीचा? नदीत. तुला काय रस्सा करायचा होता?"

म्हणजे तपासायलाही काही उरलं नव्हतं. तो कोल्हा पिसाळलेला होता की नुसताच म्हातारा आणि आजारी, हे आता या जगात कुणालाही कधीच कळणार नव्हतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दवाखाना उघडला तशी ती गाव्रिलला दंडाला धरून घेऊन गेली. डॉक्टरीणबाई मुरारियू कडक, पण मनानं चांगल्या. त्यांनी आधी गाव्रिलला धुतला. ताजं कातडं फाटक्या हातांनी सोलतोस, अक्कल कुठे गहाण टाकलीस? मग अग्लायाला म्हणाल्या, "मीठ लावून वाळवलेल्या कातड्यातून हा रोग होत नाही. तुझ्या बाबतीत धोका जवळपास नाहीच. पण कान ओले होते म्हणतेस, तर तूही टोचून घे. झोप तरी लागेल."

दोघांनाही जिल्ह्याच्या इस्पितळात सगळ्या सुया टोचल्या. शेवटची टोचून बाहेर आल्यावर गाव्रिल म्हणाला, "आता मला जो चावेल तो कोल्हा मरेल!" आणि विषय त्याच्यापुरता मिटला.

अग्लायाचाही मिटायला हवा होता. मिटलाही होता, दहा-बारा दिवस. मग एका सकाळी इलिंका झोपेतून उठून डोळे चोळत आली, आजीच्या कपातला चहा उचलला आणि एक घोट प्यायली. रोजच प्यायची. पण त्या दिवशी अग्लायाच्या मनात आलं: लस माझ्या अंगात गेली. या पोरीच्या कुठे गेली?

तो घास आठवला. तो चमचा. दोरा तोंडात घातलेला, आणि त्याच तोंडात मीठ बघायला घातलेला चमचा. अग्लायानं कप पोरीच्या हातातून काढून घेतला.

इथे एक सांगायला हवं. इलिंका तिच्याकडे तीन वर्षं होती. मुलगी लव्हिनिया इटलीत एका आजारी म्हातारीची सेवा करायची. लव्हिनियाचा नवरा कधीच सोडून गेलेला. पोर दोन वर्षांची असताना तिला आईच्या पदरात टाकून गेली, ती उन्हाळ्यात पंधरा दिवस यायची. आता इलिंका पाच संपून सहाव्यात होती. नव्या वर्षाच्या फोनवर लव्हिनिया म्हणाली होती, "ईस्टरला येते आई. तिकडच्या शाळेत घालायचं की अजून एक वर्ष तुझ्याकडे ठेवायचं, ते इलिंकालाच विचारू. ती म्हणेल तसं."

अग्लाया तेव्हा मनात हसली होती. विचार की! पोर आजीला सोडून जाते थोडीच? त्या घरात दुसरा आवाज नव्हता. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. इलिंका गेली तर सकाळी उठायचं कशासाठी, हा प्रश्न तिनं स्वतःला विचारलाच नव्हता, इतकी तिला खात्री होती.

ती पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेली. पोरीलाही टोचा म्हणाली.

"कशासाठी? तिला काही चावलं?"

"नाही. पण माझ्या तोंडातून तिच्या..."

"अग्लाया, तू कोल्हा आहेस का?"

"नाही."

"पिसाळली आहेस?"

"नाही हो."

"मग तुझ्या चमच्यातून रेबीज येईल कुठून? तुझ्या अंगातच नाही तर देशील काय? घरी जा. पोरीला पापे दे, पोटभर जेवू घाल."

घरी येताना अर्ध्या वाटेपर्यंत जीव हलका राहिला. पुलाशी आल्यावर वाटलं, कान ओले होते हे मी नीट सांगितलं ना? ती परत फिरली. त्या महिन्यात ती सात वेळा गेली. शेवटी शेवटी नर्स तिला लांबून बघून खिडकी लावून घ्यायची. सातव्या वेळी डॉक्टरीणबाईंनी तिचा हात हातात घेतला, शहरातल्या मनाच्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी लिहिली, आणि म्हणाल्या, "त्या कोल्ह्यानं तुला कुठे धरलंय ते मला दिसतंय. पण त्यावरचं औषध माझ्याकडे नाही."

"मी वेडी नाही," अग्लाया म्हणाली. चिठ्ठी तिनं शेजारणींच्या नजरेला पडायला नको म्हणून चार घड्या करून लपवली, आणि ती गेली नाही. गावात असल्या डॉक्टरकडे जाऊन आलेल्या बाईला लोक आयुष्यभर वेडीच म्हणतात.

तिला कळत नव्हतं असं नाही. हाच तर सगळा घोळ! डॉक्टरीणबाई खरं बोलतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. एखादी शेजारीण असलं काही बरळली असती तर तिनंच तिला खुळ्यात काढली असती. पण ठाऊक असून काय उपयोग? मन ऐकायचं, मान डोलवायचं, आणि वर विचारायचं: पण समजा? त्या एका 'समजा'नं तिला घरातल्या घरात कोंडून घातली.

इलिंकाची थाळी वेगळी झाली. पेला वेगळा, चमचा वेगळा. रोज सगळं उकळायचं. अग्लाया रबरी हातमोजे घालून पोरीच्या वेण्या घालू लागली. पापे बंद. रात्री कुशीत घेणं बंद. इलिंकाचा बिछाना पलीकडच्या खोलीत गेला.

"आजी, का गं?"

"तू आता मोठी झालीस."

पोरीला कारण सांगायचं तर काय सांगायचं? कोल्हा म्हटलं तर ती घाबरेल, गावभर बोलेल. म्हणून अग्लाया गप्प राहिली. ही तिची चूक. तिच्या सगळ्या धुण्या-उकळण्यापेक्षा मोठी.

दवाखान्यात कुणीतरी म्हणालं होतं, रोग दिसायचा तर बहुतेक तीन महिन्यांत दिसतो. ते तिनं धरून ठेवलं. चर्चनं वाटलेल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती पेन्सिलीनं बारीक आकडे घालू लागली. एक, दोन, तीन. नव्वद झाले की सुटका. नव्वदाव्या दिवशी पोरीला उचलून घेईन, तोंडभर पापे घेईन, असं ती रोज स्वतःला सांगायची.

एकेचाळीसाव्या दिवशी शिलाई मशीनच्या खणात अंगुस्तान सापडलं. आत एक लाल केस. आणि तासाभरापूर्वी त्याच खणातला दोरा घेऊन तिनं इलिंकाच्या कोटाची गुंडी लावली होती! आकडे खोडले. पुन्हा एक.

मग तिला वाटलं, मुखवटा आहे तोवर हे संपणार नाही. तो गाव्रिलच्या माळ्यावर टांगलेला होता. एक दिवस तो शेतावर असताना ती गेली, चिमट्यानं मुखवटा खाली काढला, घरी आणला आणि पावाच्या भट्टीत घालून जाळला. धूर निघाला. वारा अंगणाकडे होता, आणि अंगणात इलिंका खेळत होती. झालं! पुन्हा एक. वर भट्टीही गेली, कारण ज्या भट्टीत ती राख पडली तिच्यात पाव भाजायचा कसा? तिनं भट्टीच्या तोंडाला फळी ठोकली.

गाव्रिल धावत आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"वहिनी, सोंग जाळलंस? सोंग कुणी जाळतं का? आपल्या बापजाद्यात कुणी जाळलं नाही!"

"माफ करा भावोजी."

"अगं, कोल्हा मेला, मी जिवंत, तू जिवंत, पोर जिवंत. मग या घरात सुतक कुणाचं पाळतेस?"

अग्लायानं फक्त विचारलं, "भावोजी, येताना इलिंकाला हात तर लावला नाहीत ना?" गाव्रिलनं कपाळावर हात मारला आणि तो निघून गेला. परत आला नाही.

ईस्टर आला तेव्हा कॅलेंडरवरचा आकडा तेवीस होता.

लव्हिनिया दोन मोठ्या बॅगा घेऊन आली. ईस्टरच्या जेवणाला टेबलावर दुकानातला, प्लॅस्टिकमधला गोड पाव बघून ती थबकली. अग्लायाच्या घरी विकतचा पाव! असं कधी झालं नव्हतं. मग तिनं हातमोजे पाहिले. थाळी पाहिली. लाल अंडी एकमेकांवर आपटून फोडायची वेळ आली, तेव्हा इलिंकानं अंडं पुढे केलं आणि अग्लायानं आपलं मागे घेतलं. पोरीनं आपलंच अंडं टेबलाच्या कडेवर फोडलं.

लव्हिनियानं बोलायचं ठरवलं होतं ते तिथेच बोलून टाकलं. "इलिंका, माझ्याबरोबर इटलीला येतेस, की एक वर्ष आजीकडे राहतेस?"

"येते," इलिंका म्हणाली. क्षणाचाही विचार न करता.

लव्हिनियालाच धक्का बसला. रडारड होईल, मनधरणी करावी लागेल, म्हणून ती बाहुली लपवून घेऊन आली होती. "का गं राणी?" अग्लायानं विचारलं. इलिंकानं थाळीत बघत अंड्याचं टरफल सोललं.

दुपारी मायलेकी स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या.

"आई, काय केलंस माझ्या पोरीला?"

अग्लायानं सगळं सांगितलं. कोल्हा, दोरा, चमचा, अंगुस्तान, धूर. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा सलग सांगितलं. लव्हिनिया आधी हसली. मग हसता हसता थांबली आणि डोळे पुसू लागली.

"मला वाटलं, तुला ती नकोशी झाली."

"नकोशी? अगं, तिच्यासाठीच तर मरतेय मी!"

"मग ऐक. आत्ता बाहेर जा. ती पायरीवर बसलीय. हातमोजे काढ, तिला जवळ घे आणि एक पापा घे. बस, एक. मी तिला इथे ठेवते. उद्याच्या गाडीतली तिची जागा रद्द करते. आत्ता, तुझ्यासमोर फोन लावते."

लव्हिनियानं खरंच फोन हातात घेतला.

अग्लायानं हातमोजे काढले. तिचे हात उकळत्या पाण्यानं आणि साबणानं सोलवटले होते, बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या होत्या. ती दारापर्यंत गेली. इलिंका पाठमोरी बसली होती, मानेवरची वेणी सुटलेली. चार पावलं. तिनं एक टाकलं. मग भेगांकडे लक्ष गेलं. भेगेतून जर का... समजा...

ती तशीच उभी राहिली. पाय उचलेना.

"मला सदुसष्ट दिवस दे," ती मागे वळून म्हणाली. "फक्त सदुसष्ट राहिलेत. मोजून ठेवलेत मी. मग घेते तिला. शपथ."

"आणि सदुसष्टाव्या दिवशी आणखी काही सापडलं तर?"

लव्हिनियानं फोन खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इटलीला जाणारी पांढरी गाडी चौकात, दारूच्या दुकानासमोर उभी राहिली. आत आधीच सहा-सात जण होते. ड्रायव्हर बॅगा टपावर बांधत होता. थंडी अजून हटली नव्हती. लव्हिनियानं इलिंकाच्या डोक्यावर नवीन लोकरीची टोपी घातली होती. निरोप घ्यायला इलिंका आजीसमोर येऊन उभी राहिली. हात मागे बांधलेले.

"आजी, मी हात धुतले. साबणानं. दोनदा."

"कशाला गं?"

"तुला आवडत नाही ना, मी घाण असले की." पोरीनं आवाज खाली केला. "आई म्हणते तिकडे मोठं न्हाणीघर आहे. मी तिकडे रोज आंघोळ करीन. स्वच्छ झाले की येईन परत. मग घेशील मला?"

इतके महिने अग्लाया स्वतःला विष समजत होती, आणि पोर समजत होती की विष आपणच!

"नाही गं माझे आई! तू नाही घाण, तू नाही! मी... माझ्यात..."

"तू कशी असशील आजी, एवढं धुतेस," इलिंका समजुतीनं म्हणाली.

ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. "चला, चला! रडारड फोनवर करा!"

अग्लाया खाली वाकली. तिनं दोन्ही हात पोरीच्या तोंडाजवळ नेले. गाल समोर होते, थंडीनं लाल झालेले. एवढंच करायचं होतं. तिनं डोळे मिटले, ओठ पुढे केले, आणि शेवटच्या क्षणी मान वर झाली. पापा टोपीवर पडला. लोकरीवर.

इलिंकाला तेवढाही पुरला. ती हसली. तिनं धावत जाऊन आईशेजारची जागा पकडली.

दार लागलं. गाडी सुरू झाली. आणि अग्लाया गाडीबरोबर चालू लागली, मग पळू लागली, काचेवर थापा मारत. लव्हिनियानं ड्रायव्हरला थांबवलं आणि घाईघाईनं काच खाली केली. तिच्या चेहऱ्यावर आशा होती. आई आता म्हणेल, उतरव तिला. आई आता म्हणेल, ठेव इथेच.

"काय आई? बोल!"

"ती टोपी," अग्लाया धापा टाकत म्हणाली. "उकळत्या पाण्यात धू. धुतल्याशिवाय घालू नकोस तिला."

इलिंकानं ऐकलं. शहाणी पोर, तिनं लगेच टोपी काढली, दोन बोटांत धरली, अंगापासून लांब, आणि खिडकीतून बाहेर दिली.

"घे आजी. नाही घालत मी."

अग्लायानं टोपी घेतली. काच वर गेली. वाटेत डोंगरात बर्फ होतं म्हणे, आणि पोर उघड्या डोक्यानं गेली.